राजा अलीखानाची पत

व्यापाऱ्याचें भांडवल बुडालें तर तें पुन्हां उभें करतां येतें. परंतु पत एकदां गेली कीं त्याची खरी हुंडीही कोणी सकारीत नाहीं. राज्यकर्त्यांची गोष्ट याहून निराळी नाहीं, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आपल्याच खानदेशच्या राजा अलीखान फारुकीचें चरित्र पाहावें.

इ. स. १५७६ सालीं भाऊ वारला तेव्हां अलीखान आग्र्यास अकबराच्या दरबारीं होता. तेथून येऊन तो बऱ्हाणपुरास गादीवर बसला. उत्तरेस मोंगल, दक्षिणेस निजामशाही आणि मध्यें तापीकांठचें हें लहानसें राज्य. भक्कम आधार काय तो एकट्या असीरगडाचा. मोंगली फौज येतांच त्यानें खंडणी देऊन अकबराचें वर्चस्व मान्य केलें. परंतु १५८६ सालीं अकबराचा दूधभाऊ अझीझ कोका वऱ्हाडावर चालून आला, तेव्हां हाच अलीखान दक्षिणी फौजांस मिळाला, आणि कोक्यास एलिचपूर लुटून नंदुरबारच्या वाटेनें गुजराथेंत निघून जावें लागलें. १५९१ सालीं रोहिणखेडच्या लढाईंत तो अकबराच्या आश्रयास राहिलेल्या बुऱ्हाण निजामशहाच्या बाजूनें उभा राहिला व त्यास अहमदनगरचें तख्त मिळालें. पुढें १५९५ अखेर शहाजादा मुराद व खानखानान यांनीं त्याच अहमदनगरास वेढा घातला, तेव्हां अलीखान मोंगली छावणींत होता. चांदबिबीनें किल्ला राखला. पण हा खानदेशी आंतून शत्रूस सामील आहे, ही कुजबूज तंबूतंबूंतून पसरली.

या वर्तनास नुसती लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल. दोन्ही डगरींवर हात ठेवूनच त्यानें वीस वर्षें खानदेशचें राज्य टिकविलें. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदींत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख कोरविणारा हा पुरुष आपली प्रजा कोण आहे हें विसरला नव्हता.

परंतु पतीचा हिशेब निराळा. १५९७ च्या आरंभीं गोदाकांठीं सोनपेठनजीक विजापूरच्या सुहेलखानाशीं मोंगलांची गांठ पडली. अलीखान मोंगलांच्या बाजूनें लढत आपल्या निवडक सरदारांसह व सुमारें ५०० सेवकांसह रणांत पडला. रात्रीच्या गोंधळांत तो दिसेना, तेव्हां तो फितूर झाला असें ठरवून त्याच्याच मित्रांनीं त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशीं प्रेतांच्या राशींत त्याचा देह सांपडला, तेव्हां लुटणाऱ्यांस मान खालीं घालावी लागली.

पुत्र बहादूरखानानें पुढें अकबराशीं बिघाड केला. जानेवारी १६०१ मध्यें असीरगड पडला आणि सुमारें दोनशें वर्षांचें फारुकी राज्य बुडालें.

या मृत्यूंत दोघांसही बोध आहे. जो प्रत्येक पक्षास होकार देतो, त्याचा अखेरचा खरा शब्दही खोटा ठरतो. आणि जो अफवेवर विसंबून दुसऱ्याचें घर लुटतो, त्यास सकाळीं त्याच्या प्रेतापुढें उभें राहावें लागतें. सार्वजनिक कार्यांत पडणाऱ्या आमच्या शहरवासी बंधूंनीं पहिला दोष टाळावा. आणि त्यांच्याविषयीं बाजारांत बोलणाऱ्यांनीं दुसरा.