बालहुतात्मा शिरीषकुमार

खानदेश हा सीमेवरचा मुलूख आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, मधून वाहणारी तापी आणि पश्चिमेला गुजरात. मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिल्लांच्या बोली येथे शतकानुशतके शेजारी नांदत आल्या. इंग्रजांना हा मुलूख सहजासहजी कधीच मानवला नाही. १८५७ च्या उठावात सातपुड्याच्या परिसरात खाज्या नाईकाने भिल्लांना घेऊन दिलेली झुंज प्रसिद्धच आहे. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. या पश्चिम खानदेशात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नंदुरबार हे व्यापारी गाव होते. १९९८ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. परंतु साऱ्या भारताला या गावाचे नाव त्यापूर्वीच ठाऊक झाले होते, ते एका शाळकरी मुलामुळे.

शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबार येथे एका गुजराती व्यापारी कुटुंबात झाला. घरात गुजराती आणि बाहेर मराठी असे त्याचे बालपण गेले. सीमेवरच्या गावातील मुलांना दोन भाषा शिकाव्या लागत नाहीत, त्या अंगवळणी पडतात. घरी व्यापार होता, म्हणजे मुलाचा मार्ग आधीच आखलेला होता. शाळा संपवायची आणि पेढीवर बसायचे.

परंतु काळ तसा नव्हता. १९३६ च्या डिसेंबरअखेर पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि महात्मा गांधी स्वतः उपस्थित होते. अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्या अधिवेशनासाठी गावोगाव पायपीट केली होती. नेमक्या त्याच दिवसांत शिरीषने वयाची दहा वर्षे पूर्ण केली. ज्या पिढीच्या कानावर बालपणीच स्वराज्याचा शब्द असा घरच्या अंगणातून पडला, तिचा तो मुलगा होता. गांधीजी आणि सुभाषबाबू या दोघांविषयीही त्याला विलक्षण ओढ होती, असे सांगतात. वडीलधाऱ्यांना या दोन मार्गांत मोठे अंतर दिसत असेल, मुलांना मात्र दोघांच्याही ठायी एकच देश दिसत होता.

१९४२ साल उजाडले ते महायुद्धाच्या छायेत. मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि युद्ध भारताच्या पूर्व सीमेवर येऊन ठेपले. महागाई वाढली, वस्तूंची टंचाई जाणवू लागली. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह सर्व प्रमुख नेत्यांना अटक झाली. नेते तुरुंगात गेले तेव्हा चळवळ आपोआप विझेल, असा सरकारचा हिशेब होता. तो चुकला, कारण पुढारी नाहीत असे पाहून विद्यार्थी पुढे आले. ११ ऑगस्टला पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा लावू पाहणारे सात विद्यार्थी गोळीबारात ठार झाले. तरीही देशभरातील शाळा-महाविद्यालयांतून मुले रस्त्यावर येतच राहिली.

नेत्यांच्या अटकेला महिना झाला त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. मुलांबरोबर मुलीही होत्या. हातात चरख्याचे चिन्ह असलेला तिरंगा होता आणि मुखी गुजरातीतून व मराठीतून घोषणा होत्या. गावातून फिरत मिरवणूक माणिक चौकात आली. तेथे पोलिसांनी ती अडवली आणि पांगण्याचा हुकूम दिला. मुले हटली नाहीत. लाठ्या चालल्या, तरीही ती हटली नाहीत. तेव्हा बंदुका रोखल्या गेल्या.

पुढे जे घडले ते नंदुरबारात घरोघरी सांगितले जाते. एका अधिकाऱ्याने मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने बंदूक रोखली. ते पाहताच झेंडा हाती असलेला शिरीष पुढे झाला आणि मुलींवर काय बंदूक धरता, मारायचे तर मला मारा, अशा अर्थाचे बोलून मध्ये उभा राहिला. गोळ्या त्याच्या छातीत शिरल्या आणि तो तेथेच कोसळला. त्याचे वय पंधरा वर्षे आणि काही महिने होते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चौघेही त्या गोळीबारात बळी पडले.

या पाच नावांपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. शिरीषकुमारचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु उरलेली चार नावे आपल्यापैकी किती जणांना न अडखळता सांगता येतील? मेहता, शहा, वाणी, केतकर ही आडनावे एका भाषेची किंवा एका जातीची नाहीत. पुढे याच सीमेवर राज्यांच्या हद्दी ठरताना कोणते गाव कोणाचे यावर वाद झाले. त्या दिवशी माणिक चौकात मात्र असा प्रश्न कोणाच्याही मनात नव्हता. गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एकाच झेंड्याखाली उभी होती.

अकराच दिवसांनी, २० सप्टेंबरला, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सीमेवर, आसामातील गोहपूर येथे सतरा वर्षांची कनकलता बरुआ हाती तिरंगा घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली आणि गोळीला बळी पडली. नंदुरबारचा मुलगा आणि आसामची मुलगी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. तरी दोघांचे पाऊल एकाच दिशेने पडले.

मुलांना मारून खानदेश शांत झाला नाही. भूमिगत चळवळ चालूच राहिली आणि १९४४ साली याच जिल्ह्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. पुढे तीनच वर्षांनी इंग्रज गेले. माणिक चौकात आज या पाच हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे.

शिरीषकुमारचे शौर्य केवळ मरण पत्करण्यात होते असे मानले, तर ते आपल्यापासून फार दूर जाईल. आपल्यावर तसा प्रसंग येणारही नाही. मरावे अशी इच्छा त्यानेही धरली नसेल. पंधरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी घरी जायचेच असते. त्याने केले ते एवढेच, की दुसऱ्यावर रोखलेली बंदूक पाहून तो बाजूला झाला नाही. बंदुकीपुढे नव्हे, पण अन्यायापुढे, दंडेलीपुढे बाजूला होण्याचे मोह आपल्याला रोज होतात. वर्गात, वसतिगृहात, एस.टी.च्या गर्दीत एखाद्या मुलीची छेड निघते, एखाद्या दुबळ्याला धमकावले जाते, आणि आपण खाली पाहतो. त्या वेळी एक पाऊल पुढे टाकण्याला काय लागते, हे नंदुरबारच्या त्या मुलाने दाखवून दिले आहे. त्याच्या स्मारकाला दरवर्षी हार घालणे सोपे आहे. त्याच्या वयाचे असताना, किंवा त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असताना, ते एक पाऊल टाकता येणे अवघड आहे. त्याचे स्मरण करायचे ते त्यासाठीच.