टाचांचा हिशेब

दक्षिण ध्रुवाची गोष्ट आपल्याला नेहमी झेंड्याच्या बाजूने सांगितली जाते. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड अमुंडसेनने तिथे नॉर्वेचा झेंडा रोवला, चौतीस दिवसांनी इंग्रज कॅप्टन स्कॉट पोचला, त्याने तो झेंडा पाहिला आणि परतीच्या वाटेवर तो व त्याचे चारही सोबती मरण पावले. एवढ्यात शाळेचा धडा संपतो. झेंडा हातांनी रोवला जातो हे खरे, पण तिथवर हात चालत जात नाहीत. मी उमेदीची सगळी वर्षे बँकेत काढली. तिथे एक सवय लागली, की जमाखर्चात मोठा आकडा डोळ्यांत भरला तरी खालच्या बारीक नोंदी आधी वाचायच्या. अमुंडसेनच्या आयुष्यातल्या बारीक नोंदी वाचत गेलो, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच विषय समोर आला : पाय. बूट, मोजे, गवत आणि टाचा. या माणसाचे मोठेपण मला तिथे सापडले, आणि त्याच्यावरचा एक मोठा डागही तिथेच.

थंडीत पायच आधी का जातात, हे अगोदर समजून घेऊ. शरीर हे काटकसरी गृहिणीसारखे असते. ऊब कमी पडू लागली, की ते हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांच्यासाठी ती राखून ठेवते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटांना रक्त कमी मिळते. त्यात बूट घट्ट असेल, तर उरलेसुरले रक्तही अडते. पण खरा शत्रू घाम. पाय बुटात कोंडलेला असला तरी घाम येतच राहतो, मोजे ओले होतात, आणि ओले कापड कोरड्याच्या कितीतरी पट वेगाने ऊब बाहेर नेते. रात्री तोच ओलावा गोठतो आणि सकाळी बूट लाकडासारखा कडक होतो. आधी पाय दुखतो, मग बधिर होतो. दुखणे थांबले म्हणून माणसाला बरे वाटते, आणि खरा धोका नेमका तेव्हा सुरू झालेला असतो. यालाच हिमदंश म्हणतात. उत्तर ध्रुवामागे लागलेल्या अमेरिकन पिअरीने १८९९ साली पायाची बहुतेक बोटे अशीच गमावली होती.

अमुंडसेनचा जन्म १६ जुलै १८७२ चा, जहाजमालकांच्या घराण्यातला. वडील तो चौदा वर्षांचा असताना गेले. धाकट्या मुलाने डॉक्टर व्हावे, ही आईची इच्छा. मुलाच्या डोक्यात मात्र वेगळेच खूळ होते. सर जॉन फ्रँकलिनच्या मोहिमांची वर्णने वाचून तो झपाटला होता, आणि त्या वर्णनांतल्या यशापेक्षा हालअपेष्टांनीच त्याला अधिक भुरळ घातली. शरीराला सवय व्हावी म्हणून नॉर्वेच्या हिवाळ्यात तो खिडकी उघडी टाकून झोपत असे. आईच्या समाधानासाठी त्याने वैद्यकाचा अभ्यास धरला होता, पण १८९३ मध्ये आई वारली आणि त्याने पुस्तके कायमची मिटली.

१८९७ ते १८९९ या काळात बेल्जिका या बेल्जियन जहाजावर तो दक्षिणेच्या बर्फात गेला. जहाज बर्फात अडकले, खलाशांना रक्तपितीने ग्रासले, काहींचा मनावरचा ताबा सुटला. ताजे मांस खायला लावून माणसे वाचवली ती डॉक्टर फ्रेडरिक कुक याने. मोहिमेत माणूस शौर्याअभावी मरत नाही, साध्यासाध्या गोष्टींच्या हेळसांडीने मरतो, हे अमुंडसेन तिथे शिकला. पुढची शिकवणी त्याने स्वतःच शोधून काढली.

१९०३ च्या जूनमध्ये तो ग्योआ नावाच्या जुन्या मासेमारी जहाजातून वायव्य मार्ग शोधायला निघाला. जहाज अवघे ४७ टनांचे, सोबती सहा, आणि कर्ज डोक्यापर्यंत. देणेकरी जहाजावर जप्ती आणतील या धास्तीने त्याने भर पावसात मध्यरात्री बंदर सोडले. कर्जवसुलीच्या खात्यात काम केलेल्या माझ्यासारख्याला इथे त्या सावकारांचीही थोडी दया येते. पण ते असो.

कॅनडाच्या उत्तरेला किंग विल्यम बेटावरच्या एका लहानशा खाडीत त्याने लागोपाठ दोन हिवाळे काढले. तिथे नेटसिलिक एस्किमोंशी, म्हणजे आज आपण ज्यांना इन्युइट म्हणतो त्यांच्याशी, त्याची गाठ पडली. युरोपातल्या सुशिक्षितांच्या लेखी हे लोक रानटी होते. याच मुलखात काही दशकांपूर्वी फ्रँकलिनची सव्वाशेहून अधिक माणसे युरोपीय जहाजे, युरोपीय कपडे आणि चांदीचे काटेचमचे घेऊन मरण पावली होती, आणि नेटसिलिकांची मुले त्याच बर्फात खेळत होती. अमुंडसेनने यातून सरळ निष्कर्ष काढला, की इथले पंडित हेच. तो त्यांचा विद्यार्थी झाला.

काय शिकला? कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्याचे दुहेरी कपडे कसे घालायचे. आतल्या कपड्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर, दोन्ही ढगळ. अंगाभोवती हवा खेळती राहिली, की घाम साचत नाही. पायालाही तोच न्याय : आत लव असलेला कातडी मोजा, वर मऊ बूट, आणि कुठेही आवळलेपण नाही. सर्वांत मोठा धडा चालण्याचा होता. नेटसिलिक माणूस थंडीत घाईने चालत नाही. घाई केली की घाम, घाम आला की ओलावा, ओलावा आला की मरण. युरोपात घाम गाळणे हे पुरुषार्थाचे लक्षण, इथे तो मूर्खपणा. १९०६ मध्ये ग्योआ अलास्कात पोचली. शेकडो वर्षे हुलकावणी देणारा वायव्य मार्ग पार झाला होता. पण माझ्या मते अमुंडसेनने तिथून आणलेली खरी संपत्ती म्हणजे ही समज.

आता दक्षिणेकडे. नानसेनचे फ्राम जहाज त्याने उत्तर ध्रुवासाठी म्हणून मिळवले होते. कुक आणि पिअरी दोघांनीही तो ध्रुव गाठल्याचे दावे केले, तेव्हा त्याने मनातल्या मनात दिशा बदलली आणि मदिरा बेटाला पोचेपर्यंत बहुतेक खलाशांनाही पत्ता लागू दिला नाही. जानेवारी १९११ मध्ये तो व्हेल्सच्या उपसागरात उतरला. फ्रामहाइम या लाकडी घरात नऊ माणसांनी हिवाळा काढला.

त्या हिवाळ्यातले चित्र मला फार आवडते. बाहेर महिनोन्‌महिने सूर्य नाही, आणि बर्फात खोदलेल्या खोल्यांतून जणू सुतारांची, चांभारांची आणि शिंप्यांची एक गल्लीच वसली आहे. ब्यालंड घसरगाड्या तासून हलक्या करतो आहे, विस्टिंग शिवणयंत्रावर बसला आहे, आणि बुटांची उसवाउसव चालू आहे. बुटांचा पेच असा : स्कीच्या पकडीला टाच धरून ठेवायला तळ कडक हवा, पण ऊब टिकायला बूट मऊ आणि ऐसपैस हवा. ख्रिस्तियानियाहून बनवून आणलेले बूट पहिल्याच फेरीत घट्ट आणि ताठर निघाले. मग ते उसवले, वाढवले, पुन्हा शिवले, घालून पाहिले आणि पुन्हा उसवले. मोज्यांवर मोजे चढवूनही बोटे आत हलली पाहिजेत, ही कसोटी. भोवती भरायला सेनेग्रास हे वाळवलेले गवत होते. उत्तर नॉर्वेतले सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या ते पादत्राणांत भरत आले आहेत. हे गवत ओलावा शोषून घेते. रात्री बाहेर काढायचे, त्यावरचे हिमकण झटकायचे, वाळवायचे, सकाळी पुन्हा भरायचे. रोज, न चुकता. यात वीररस औषधालाही नाही.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाची दानत मात्र एकदा घसरली. स्कॉट मोटारगाड्यांच्या जोरावर पुढे निघून जाईल या भीतीने त्याला धीर धरवेना. ८ सप्टेंबर १९११ रोजी, ऋतू सुरू होण्याआधीच, तो सात जणांना घेऊन निघाला. तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरले. होकायंत्रातला द्रव गोठला, कुत्री मरू लागली. सामान ८० अंश अक्षांशावरच्या साठ्यात टाकून मंडळी मागे वळली, तेव्हा टाचा हिमदंशाने गेलेले लोक तांड्यात होते. शेवटच्या दिवशी अमुंडसेन घसरगाडीवर बसून दोघांसह सुसाट घरी निघून गेला. मागच्यांची कसलीही व्यवस्था त्याने लावली नाही. तरुण नौदल अधिकारी प्रेस्त्रुद दमलेल्या कुत्र्यांसह मागे रेंगाळत होता. पाय गोठत चाललेले, जवळ अन्न नाही, स्टोव्ह नाही. त्याच्यासाठी वाटेत थांबला तो याल्मार योहानसेन. १८९५ च्या हिवाळ्यात नानसेनच्या सोबतीने आर्क्टिकमध्ये तगलेला, तांड्यातला सर्वांत मुरलेला माणूस. त्यानेच प्रेस्त्रुदला मध्यरात्रीनंतर फ्रामहाइमला जिवंत आणले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी योहानसेनने सर्वांदेखत अमुंडसेनला सुनावले, की नेत्याने माणसे अशी टाकून जायची नसतात. तो बोलला ते खरे होते, आणि म्हणूनच ते सहन होण्यासारखे नव्हते. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढले आणि ज्याचा जीव त्याने वाचवला होता त्या प्रेस्त्रुदच्या हाताखाली दुसऱ्या, दुय्यम कामगिरीवर पाठवले. अमुंडसेनच्या मोहिमेवरच्या पुस्तकात हे भांडण नाही. योहानसेन वेगळा मायदेशी परतला. दारू आणि कर्ज आधीपासून पाठीशी होतेच. ३ जानेवारी १९१३ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ऑक्टोबरमध्ये चार सोबती, चार घसरगाड्या आणि बावन्न कुत्री घेऊन अमुंडसेन पुन्हा निघाला. आता टाचा बऱ्या झाल्या होत्या आणि बूट पुन्हा दुरुस्त झाले होते. रोजची मजल बेताची, उरलेला वेळ विश्रांती, ओढण्याचे काम कुत्र्यांचे. त्यातली बहुतेक कुत्री वाटेत मारून खाल्ली गेली, हेही खर्चाच्या बाजूला लिहिलेच पाहिजे. नव्व्याण्णव दिवसांत सुमारे तीन हजार किलोमीटर करून २५ जानेवारी १९१२ रोजी पाचही जण धडधाकट परतले.

तिकडे स्कॉटच्या तंबूत काय चालले होते? गवत इंग्रजांनाही ठाऊक होते, त्यांच्याही लवदार बुटांत ते भरलेले होते. म्हणजे प्रश्न एखाद्या युक्तीचा नव्हता. ते स्वतः गाड्या ओढत होते, घामेजत होते, अपुरे खात होते, आणि साठ्यांतले रॉकेल कमी पडल्याने काही वाळवायची सोय नव्हती. सकाळचा तासभर पाय बुटांत घालण्यात जाऊ लागला. कॅप्टन ओट्सचे पाय निकामी झाले. आपल्यामुळे सोबती अडकतात हे ओळखून मार्चच्या मध्यास तो तंबूतून वादळात निघून गेला, तो परतलाच नाही. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्याचे सामान सापडले. त्यातला एक बूट पुढून उभा चिरलेला होता. सुजलेला पाय आत जावा म्हणून. जगाने ओट्सच्या त्यागावर पुष्कळ लिहिले, ते योग्यच आहे. मला मात्र तो चिरलेला बूट डोळ्यांपुढून हलत नाही.

अमुंडसेनच्या पुढच्या आयुष्यात वैभव कमी आणि वणवण फार. उत्तरेची मोद मोहीम वर्षानुवर्षे रेंगाळली, १९२४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, भाऊ लिऑनशी कोर्टकज्जे झाले. राहते घर मित्रांनी वाचवले. १९२६ मध्ये तो नॉर्गे या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेला आणि नंतर जहाजाचा इटालियन रचनाकार नोबिले याच्याशी श्रेयावरून त्याचे जाहीर भांडण जुंपले.

मे १९२८ मध्ये नोबिलेचे इटालिया बर्फावर कोसळले. बातमी येताच पंचावन्न वर्षांचा अमुंडसेन आपल्या वैऱ्याच्या शोधाला तयार झाला. मिळेल ते विमान त्याने घेतले. ते लॅथम ४७ जातीचे, पाण्यावर उतरणारे, बर्फासाठी न बनवलेले. बुटाचा टाका दहादा तपासणारा हा माणूस या वेळी तयारीसाठी थांबला नाही. १८ जून रोजी पाच सहप्रवाशांसह तो ट्रॉम्सोहून उडाला आणि दिसेनासा झाला. ऑगस्टच्या अखेरीस विमानाचा एक तरंगता भाग तेवढा समुद्रात मिळाला. नोबिलेला दुसऱ्याच वैमानिकाने त्याआधीच वाचवले होते.

हे उड्डाण कशासाठी होते? मानासाठी, की मागे राहिलेल्या माणसासाठी थांबायचे असते हे उशिरा पटले म्हणून? कादंबरीकाराला दुसरे उत्तर मोहात पाडते, पण पुरावा नसताना नोंद करायची नाही ही बँकेची शिस्त मला अजून सुटलेली नाही.

सियाचीनवर १९८४ पासून आपले जवान उभे आहेत. आज त्यांच्या पायांत अनेक थरांचे बूट असतात, गवताची जागा कृत्रिम धाग्यांनी घेतली आहे. नियम मात्र बदललेले नाहीत : पाय कोरडा ठेवा, बूट आवळू नका, मोजे बदला, आणि पाय दुखायचा थांबला तर ताबडतोब पाहा. यातला शेवटचा नियम स्वतःला पाळता येत नाही, कारण बधिर झालेला पाय आपली तक्रार सांगत नाही. तिथे शेजारच्या माणसाने विचारावे लागते, आणि त्यासाठी शेजारी कुणीतरी थांबलेला असावा लागतो. सप्टेंबर १९११ च्या त्या रात्री तो थांबलेला माणूस योहानसेन होता. ध्रुवाच्या झेंड्याशेजारी त्याचे नाव नाही. हिशेबात ते कुठेतरी जमा झाले पाहिजे, म्हणून इथे लिहिले.