क्षीण प्रवाहाला बळ देणारे जोसेफ हेन्री

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दारव्हा किंवा वणीकडच्या शिवारात रब्बीचा गहू-हरभरा ओलितावर असला, की शेतकऱ्याची झोप विजेच्या पाळीवर ठरते. शेतीपंपांना वर्षानुवर्षे वीज पाळीपाळीने आणि अनेकदा मध्यरात्री मिळत आली. अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने विहीर गाठून स्टार्टरची हिरवी कळ दाबायची, हा त्या पाळीचा नियम होता. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ‘ऑटो’ पेटीने ही पायपीट बरीच कमी केली. अशा पेटीचे काम ज्या तत्त्वावर चालते, त्याला रिले म्हणतात. क्षीण प्रवाहाने बलवान प्रवाहावर हुकूम चालविण्याची ही युक्ती १८३५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री यांनी करून दाखविली.

हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे एका गरीब स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बालपणाचा काही काळ आजीकडे गेला आणि कोवळ्या वयातच किराणा दुकानात काम करावे लागले. पुढे घड्याळे व चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली. तरुणपणी नाटकाचे वेड होते. परंतु विज्ञानावरील एक सुबोध पुस्तक हाती आले आणि आयुष्याची दिशा बदलली. १८१९ साली ते ऑल्बनी अकादमीत दाखल झाले आणि १८२६ मध्ये तेथेच गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी विद्युतचुंबक तयार केला होता. त्यात लोखंडावर उघड्या तारेचे विरळ वेढे असत. हेन्री यांनी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले आणि वेढ्यांवर वेढे रचले. १८३१ साली येल महाविद्यालयासाठी त्यांनी बनविलेल्या चुंबकाने ९०० किलोहून अधिक वजन तोलून धरले. त्याच वर्षी त्यांनी एक मैलाहून लांब तारेतून प्रवाह पाठवून दुसऱ्या टोकाची घंटा वाजविली. लांब पल्ल्यासाठी पुष्कळ वेढ्यांचा चुंबक आणि अनेक घटांची विद्युतमाला लागते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

१८३२ मध्ये ते प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात गेले. तेथे घडलेला रिलेचा प्रयोग अगदी साधा होता. दुरून आलेला क्षीण प्रवाह जड ओझे पेलू शकत नसे; पण एक हलकी तार पाऱ्यातून वर उचलण्याइतके बळ त्यात होते. ती तार उचलली जाताच शेजारच्या स्वतंत्र विद्युतमालेवर चालणाऱ्या मोठ्या चुंबकाचा प्रवाह तुटे आणि त्याने धरलेले वजन खाली पडे. दूरच्या प्रवाहाने फक्त आज्ञा द्यायची, श्रम जवळच्या प्रवाहाने करायचे, हे त्यामागचे तत्त्व होते.

साध्या रिलेतील प्रवाह थांबला, की त्याची पकड सुटते. पुढे आलेला लॅचिंग रिले मात्र क्षणभराच्या झटक्याने स्थिती बदलतो आणि प्रवाह नसतानाही ती टिकवून धरतो. विहिरीवरच्या पेटीत तो वापरायचा, तर सोबत वेळ मोजणारे सर्किट हवे. वीज येताच डीपीवरील सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या, तर ट्रान्सफॉर्मरवर भार पडतो. म्हणून प्रत्येकीने थोडे थांबणे बरे. १९७२ साली बाजारात आलेल्या ५५५ या चिपला १ मेगाओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की हिशेबाने सुमारे ११० सेकंदांचा विलंब मिळतो. त्यानंतरचा झटका रिले चालू करतो आणि रिले स्टार्टरच्या कॉइलला वीज देतो. खरी गोम पुढे आहे. वीज गेली तरी लॅचिंग रिले ‘चालू’ स्थितीतच राहतो, म्हणून वीज परतताच मोटर विलंबाविना सुरू होईल. यासाठी वीज जाताच, कपॅसिटरमध्ये साठविलेल्या ऊर्जेतून रिले बंद करणारा स्वतंत्र झटका द्यावा लागतो.

रिलेच्या प्रत्येक कॉइलला उलट दिशेने जोडलेला एक डायोडही लागतो. प्रवाह तुटताना कॉइलमध्ये उसळणारा उच्च दाब ट्रान्झिस्टर जाळू शकतो. या गुणधर्माला स्वप्रवर्तन म्हणतात. लांब तारेचा प्रवाह तोडताना उडणाऱ्या ठिणगीचा अभ्यास करून हेन्री यांनीच १८३२ साली त्याविषयी लिहिले होते.

हेन्री यांनी आपल्या शोधांचे पेटंट कधी घेतले नाही. विज्ञानाचे फळ सर्वांचे, अशी त्यांची धारणा होती. सॅम्युअल मोर्स यांच्या तारयंत्राला हेन्री यांच्या संशोधनाचा आधार मिळाला, तोही लिओनार्ड गेल या सहकाऱ्यामार्फत. १८४२ मध्ये हेन्री यांनी स्वतः मोर्स यांना प्रोत्साहनाचे पत्र पाठविले. १८४४ साली वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारमार्ग सुरू झाला आणि कीर्ती व पैसा मोर्स यांच्याकडे गेला. पेटंटच्या दाव्यात १८४९ मध्ये हेन्री यांना साक्ष द्यावी लागली. त्यांनी वस्तुस्थिती सांगितली. त्याने दुखावलेल्या मोर्स यांनी १८५५ मध्ये जाहीर लेखातून त्यांच्या सचोटीवरच हल्ला केला. हेन्री यांनी वाद वाढविला नाही. ते ज्या स्मिथसोनियन संस्थेचे १८४६ पासून सचिव होते, तिच्या नियामक मंडळाकडे त्यांनी चौकशीची मागणी केली. मंडळाने त्यांना निर्दोष ठरविले.

स्मिथसोनियनमध्ये त्यांनी तारयंत्राने येणाऱ्या हवामानाच्या वार्ता एकत्र करण्याची व्यवस्था उभी केली. १८६५ च्या आगीत त्यांचा बहुतेक पत्रव्यवहार भस्मसात झाला. १८७५ मध्ये तरुण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल सल्ल्यासाठी आले, तेव्हा वृद्ध हेन्री यांनी त्यांनाही धीर दिला. १३ मे १८७८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

१८९३ साली शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रवर्तनाच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव दिले. पेटंटमधून मिळणारा पैसा त्यांच्या वाट्याला आला नाही. पण जगातील प्रत्येक कॉइलचे प्रवर्तन आज त्यांच्याच नावाने मोजले जाते.