गर्दच्या व्यसनीला डॉक्टरने गोळी द्यावी का? डॉ. अनिता अवचटांनी काय केलं, ते वाचा

१९८५ च्या आसपासचं पुणं. शहरात ब्राऊन शुगर आली होती. पोरांच्या भाषेत गर्द. चांगल्या घरातली, कॉलेजला जाणारी मुलं चांदीच्या कागदावर पावडर ओढत होती आणि घरातल्या वस्तू एकेक करून गायब होत होत्या. अनिल अवचटांनी यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. व्यसनमुक्ती केंद्र काढण्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले.

पैसे मिळाले, पण केंद्र चालवणार कोण?

इथे अनिलरावांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट पुढे आल्या. घरच्यांसाठी त्या सुनंदा. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ. नवराही डॉक्टरच, पण त्याने लिहावं, समाजात फिरावं म्हणून घर बाईंच्या पगारावर चालायचं. (अवचटांच्या पुस्तकांचं श्रेय वाटताना हे सहसा कुणी मोजत नाही.) २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

आता मूळ प्रश्न. गर्द बंद केली की काही तासांतच टर्की सुरू होते. नाक गळतं, हाडं ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. यात डॉक्टरने औषध दिलं की घरचे घाबरतात. एक नशा सोडवायला दुसरी कशाला? केलं तसं भोगू दे, म्हणजे अद्दल घडेल, असं म्हणणारेही असतात.

कर्जतच्या लोकांना हे लवकर कळेल. बोरघाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लागतं. ते लावलं म्हणून गाडीला कुणी दुबळी म्हणत नाही आणि घाट संपला की ते काढतात. टर्कीतलं औषध हे तसं आहे.

पण अडचण पुढे असते. टर्की आठवडाभरात ओसरते, ओढ ओसरत नाही. शिवाय मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पोराने परत जुन्याच मापात माल घेतला तर जीव जाऊ शकतो. नुसतं शरीर साफ करून घरी पाठवणं म्हणूनच धोक्याचं.

अनिताबाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. औषध लिहून देण्याचा अधिकार असलेल्या या डॉक्टरने औषधावर सगळा भार टाकला नाही. मुक्तांगणचा उपचार ३५ दिवसांचा झाला. समुपदेशन, योग, गटात बसून बोलणं. नशेतून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते केलं, कारण नव्या माणसाची थाप त्यांना लगेच कळते. व्यसनींच्या बायकांसाठी सहचरी गट आला. पुन्हा घसरलेल्याला दार बंद नव्हतं. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत.

मग काहींसाठी बँकर घाटानंतरही लागलं तर? म्हणजे अफूच्याच कुळातलं, पण मोजलेलं औषध डॉक्टरने महिनोन्महिने द्यायचं का? न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकातच मेथाडोन देऊन हे सुरू झालं होतं. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थ कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्या कलम ७१ मध्ये वैद्यकीय गरज असेल तर नोंदणीकृत व्यसनींना असा पदार्थ पुरवण्याची सोय आहे. हे कलम फार थोड्यांना माहीत असतं.

माझं मत विचाराल तर, द्यावं. पण चिठ्ठी लिहून पाठ फिरवणाऱ्या डॉक्टरने नाही. रोजचं माप, समोर घेतलेली गोळी आणि बोलायला माणूस, हे तिन्ही हवं. यातलं तिसरं कसं उभं करायचं, ते मुक्तांगणने दाखवलं होतं.

अनिताबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ ला त्या गेल्या. पुढे केंद्राची धुरा त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी घेतली. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्याच दशकात नॅकोने सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात केली. तिथे गोळी जिभेखाली ठेवायची असते, कर्मचाऱ्याच्या समोर.