पीसी फॅनची तिसरी पिन आणि एडविन हॉल

गेल्या उन्हाळ्यात मी पीसीच्या कॅबिनेटला मागचा फॅन बसवला. त्याची वायर मदरबोर्डच्या हेडरपर्यंत पोचेना, म्हणून अडॅप्टर लावून ती सरळ एसएमपीएसच्या मोलेक्सला जोडून टाकली. फॅन फिरला, मी खूश! महिनाभराने आतली एक वायर पात्यांत अडकली आणि फॅन बंद पडला. मला पत्ताच नाही. रात्री व्हिडिओ रेंडरला लावून झोपलो, पीसी तापून बंद झाला. सगळं काम गेलं.

फॅन हेडरला जोडलेला असता, तर बोर्डाला स्पीड शून्य दिसला असता आणि त्याने वॉर्निंग दिली असती. हे काम तिसऱ्या पिनचं. ती पिन कशी चालते ते शोधताना मला एडविन हॉल भेटले.

हॉल यांचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गोरहॅम गावचा. कॉलेज झाल्यावर काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या हाताखाली शिकू लागले. तिथे मॅक्सवेलच्या ग्रंथातलं एक विधान त्यांना खटकलं. चुंबकाचं बल तारेवर लागतं, तारेतल्या करंटवर नाही, असं त्यात होतं. मॅक्सवेल म्हणजे त्या विषयातला शेवटचा शब्द. तरी हॉल यांनी रोलंड सरांना शंका विचारली. गंमत म्हणजे सरांनाही तीच शंका होती, पण त्यांचा प्रयोग फसला होता.

हॉल यांचाही पहिला प्रयोग फसला. मग त्यांनी काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला, त्यातून करंट सोडला आणि तो इलेक्ट्रोमॅग्नेटच्या मधे धरला. वर्खाच्या दोन कडांना गॅल्व्हॅनोमीटर जोडला. ऑक्टोबर १८७९ मध्ये काटा हलला! चुंबक करंटलाच एका बाजूला ढकलत होता. तेव्हा हॉल होते २३ वर्षांचे. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती, म्हणजे आत नेमकं काय सरकतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच नोव्हेंबरात मॅक्सवेल वारले.

पुढे हॉल हार्वर्डला गेले आणि १९२१ पर्यंत तिथे शिकवत राहिले. शाळकरी मुलांनी स्वतः प्रयोग करून भौतिकशास्त्र शिकावं, म्हणून त्यांनी ४० प्रयोगांची यादी तयार केली. १९३८ मध्ये ते गेले. धातूत हा परिणाम फारच छोटा असतो. सेमीकंडक्टरमुळे स्वस्त हॉल सेन्सर आले ते त्यांच्या नंतर.

आज तुमच्या फॅनच्या मधोमध असाच एक सेन्सर असतो. फिरणाऱ्या चुंबकाची बाजू बदलली की तो ओळखतो आणि त्यावरून कॉइलचा करंट बदलतो. तोच सिग्नल तिसऱ्या पिनवर येतो, साधारण एका फेरीला दोन पल्स. सेकंदाला ४० पल्स आले, तर स्पीड १२०० आरपीएम.

तर जोडताना एवढं बघा:

- पिन १ ग्राउंड, २ वर १२ व्होल्ट, ३ स्पीड, ४ पीडब्ल्यूएम कंट्रोल.
- तीन पिनचा फॅन चार पिनच्या हेडरला चालतो, चौथी पिन मोकळी राहते. बायोसमध्ये मोड डीसी ठेवा.
- प्लगची खाच हेडरच्या पट्टीशी जुळवा, जोर लावू नका.
- एका हेडरला किती अँपिअर चालतात ते मॅन्युअलमध्ये बघा.

मी आता एक्स्टेंशन वायर आणली आहे. बायोसमध्ये आरपीएमचा आकडा दिसल्याशिवाय मी कॅबिनेट बंद करत नाही.