विश्लेषण : दारूच्या रिकाम्या बाटल्या विकणारा मुलगा ‘सर जे. जे.’ कसा झाला? कोण होते जमशेटजी जीजीभॉय?

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर रानातला मध विकणारे भेटतात. मध बहुतेकदा दारूच्या धुतलेल्या रिकाम्या बाटलीत भरलेला असतो. दारू संपली म्हणून बाटलीची किंमत संपत नाही, हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. याच भागातील अत्यवस्थ रुग्णाला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातून मुंबईला हलवायची वेळ आली, तर ज्या रुग्णालयांची नावे निघतात त्यांत जे. जे. असतेच. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी धंद्याचे पहिले धडे दारूच्या रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीत गिरवले होते.

मामाचा धंदा

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. बालपण गुजरातेत नवसारीला, बेताच्या परिस्थितीत गेले. १७९९ मध्ये आई-वडील दोघेही वारले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईला मामाकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी हे बाटल्यांचे व्यापारी. त्यांचे आडनावच बाटलीवाला. पारशी समाजात धंद्यावरून आडनाव पडणे नेहमीचेच. दारूवाला आणि बाटलीवाला ही त्यातलीच. भाच्यालाही लोक जमशेटजी बाटलीवाला म्हणू लागले. पुढे १८०३ मध्ये मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

रिकाम्या बाटलीला गिऱ्हाईक का होते?

पश्चिम भारतात तेव्हा दारूच्या बाटल्या बनवणारे मोठे कारखाने नव्हते. कंपनीचे अधिकारी, लष्करातले गोरे आणि बडे व्यापारी मडेरा, पोर्ट, क्लॅरेट, बीअर पीत. ही सगळी आफ्रिकेला वळसा घालून अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर मुंबईच्या बंदरात उतरे. काही दारू बाटलीबंद येई, काही लाकडी पिंपांतून. पिंपातली दारू विकायची तर इथे बाटल्या हव्यात, आणि नव्या बाटल्या मागवायच्या तर पुन्हा तोच प्रवास. काच जड, शिवाय फुटणारी. त्यामुळे कुणाच्या तरी खासगी साठ्यातली दारू पिऊन झाली की उरलेली बाटली हाच इथला कच्चा माल होता. दारूखेरीज तेल, अत्तर, गुलाबपाणी, औषधे यांनाही ती लागे.

मात्र सगळ्या बाटल्या सारख्या नसत. काच तोंडाने फुंकून घडवली जात असल्याने दोन बाटल्यांचे माप क्वचितच जुळे. साच्यातून एकसारख्या बाटल्या काढण्याची सुधारलेली पद्धत इंग्लंडमध्ये १८२० च्या दशकात आली. तोवर बाटलीची किंमत ठरवणे हे नजरेचे काम होते. तोंडाचा कपचा उडाला असेल तर बूच घट्ट बसत नाही, तळाला बारीक तडा असेल तर प्रवासात फुटते, एकदा तेल भरलेली बाटली कितीही धुतली तरी वास सोडत नाही. जुन्या मालाला ठरलेला भाव नसतो. विकणाऱ्याला ती नकोशी आणि घेणाऱ्याला गरजेची असते. व्यापाऱ्याची कमाई या दोन भावांमधल्या फरकात. जमशेटजींना मोठा व्यापारी करणारी पारख त्यांना इथे मिळाली असे म्हणायला वाव आहे. नुसती ‘गरिबीतून श्रीमंती’ची गोष्ट म्हणून ही वर्षे सांगितली, की हा धंदा कसा होता तेच हरवते.

आज जगातल्या लिलावांत भरलेल्या जुन्या वाइनच्या बाटलीची किंमतही जवळजवळ अशाच निकषांवर ठरते. वाइनची पातळी बुचापासून किती खाली गेली, लेबल शाबूत आहे का आणि मुख्य म्हणजे बाटली इतकी वर्षे कुणाकडे, कशी ठेवली होती. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मुळे परवान्याशिवाय दारू विकता येत नाही. घरातल्या साठ्यातली भरलेली बाटली कितीही दुर्मीळ असली तरी ती परस्पर विकणे गुन्हा ठरतो. रिकामी बाटली भंगारवाला खुशाल घेऊन जातो.

जहाज पकडले गेले आणि ओळख झाली

मुंबईत आल्यावर लवकरच जमशेटजी व्यापारासाठी चीनला गेले आणि १८०७ पर्यंत त्यांनी तिकडच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्ये ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते ते सिलोनजवळ फ्रेंच आरमाराने पकडले. इंग्लंड-फ्रान्स युद्ध जुंपलेले होते. कैद्यांसह जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेण्यात आले आणि तिथे ते फुटले. माल बुडाला. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. पुढे तो डॉक्टरकी सोडून व्यापारात उतरला आणि १८३२ मध्ये चीनमध्ये ‘जार्डिन मॅथेसन’ ही कंपनी उभी राहिली. तिला मुंबईहून माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते.

संपत्ती नेमकी कशातून आली?

बाटल्यांतून नक्कीच नाही. सुरुवातीला कापूस आणि नंतर मुख्यतः अफू. मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे या भागीदारांसह जमशेटजींनी माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला पाठवली. चीनमध्ये अफूवर बंदी होती. माल चोरट्या मार्गाने उतरवला जाई, आणि हे मुंबईतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते. १८३९ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यातून पहिले अफूयुद्ध पेटले. ते १८४२ मध्ये नानकिंगच्या तहाने संपले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

त्यांच्यावरच्या मराठी लिखाणात दानधर्माला पाने मिळतात आणि अफूला जेमतेम एक ओळ. वास्तविक दोन्हींचा हिशेब एकाच वहीतला आहे. रुग्णालयासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. जानेवारी १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. कलाशाळेसाठी आणखी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्याचा मोठा खर्च त्यांनीच उचलला. मुंबईच्या पांजरापोळालाही मोतीचंद अमीचंद यांच्यासह मदत केली.

माहीमच्या खाडीवरचा रस्ता मात्र लेडी आवाबाईंचा. पावसाळ्यात खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसे बुडत. सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही या अटीवर. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला.

‘बाटलीवाला’ नावाचे काय झाले?

१८५७ मध्ये जमशेटजींना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला; तोही भारतीयाला पहिल्यांदाच. १४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले. किताबासाठी पुढे खास कायदा झाला. गादीवर येणाऱ्या प्रत्येक वारसाने आपले मूळ नाव बाजूला ठेवून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचे, असे त्यात ठरले. मामांकडून चिकटलेले बाटलीवाला हे नाव त्यात कुठेच नव्हते.