धुळ्याच्या तुरुंगातील साने गुरुजी

बंदिवानांचा समाचार घेणे हे प्रभू येशूने आपणांस सांगितलेल्या दयाकृत्यांपैकी एक होय. त्या कर्तव्याचे स्मरण व्हावे म्हणून आपल्याच जिल्ह्याच्या तुरुंगात राहून गेलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु बंदिवानाचे मन कशाने सावरते हे त्यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरी दारिद्र्य होते. १९१७ साली मातोश्री निवर्तल्या. ते दुःख त्यांस जन्मभर पुरले. मोठ्या कष्टाने विद्या संपादून १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची शुश्रूषा ते आईच्या मायेने करीत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात सामील झाले, व धुळे आणि त्रिचनापल्ली येथील तुरुंगवास त्यांच्या वाट्यास आला.

त्यांचा स्वभाव अत्यंत हळवा. अशा मनास बंदिवास ही कठीण कसोटीच. कोठडीस कुलूप पडले की घरच्यांची काळजी, पुढे काय होणार ही धास्ती व एकांत हे तिन्ही बंदिवानाच्या उशाशी येऊन बसतात. १९३२ साली धुळ्यास विनोबा भावे त्यांचे सहबंदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि साने गुरुजींनी ती अठराही प्रवचने लिहून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. सत्संग, नेमाचे काम आणि मायेची आठवण, ह्या तिहींनी ते दिवस तारून नेले, असे आम्हांस वाटते.

तथापि चरित्राचा शेवट लपविणे उचित नव्हे. स्वातंत्र्यानंतर त्यांस घोर खिन्नतेने ग्रासले, व ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. सहस्रावधी मुलांस धीर देणाऱ्या पुरुषाची ही गत झाली! ह्यावरून मनाची व्याधी म्हणजे श्रद्धेचा अभाव किंवा दुबळेपणा नव्हे, हे आपण ओळखावे. अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेच ख्रिस्तसभेचीही शिकवण सांगते.

२०२२ साली भारतातील बंदिवानांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. निकालाची वाट पाहणाऱ्याच्या जिवाची घालमेल कोण जाणणार? वाचकहो, आपल्या गावातील कोणी तुरुंगात असेल तर त्याच्या घरी विचारपूस करा, त्यास पत्र धाडा, भेटीस जा. त्याचे चित्त अगदीच ढळलेले दिसल्यास तुरुंगाच्या डॉक्टरांच्या कानी घाला. त्याचा न्याय न्यायाधीश करतील. आपण त्याचे ऐकून घ्यावे.